जमशेटजी टाटा व नागपूरची एम्प्रेस मिल

आपल्या कळमन्याच्या पश्चिमेस, नागपूर शहरांत, जुम्मा तलावानजीक एके काळीं दलदलीची जमीन होती. तेथें मोठा उद्योग उभारणाऱ्या पुरुषाचें चरित्र येथें संक्षेपानें देत आहों.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं नवसारी येथें झाला. कापडाच्या गिरण्या मुंबईसच काढाव्या, असा तेव्हांचा प्रघात होता. परंतु कापूस जेथें पिकतो, कोळसा व आगगाडी जेथें जवळ आहे, तेंच स्थळ योग्य, हें ओळखून त्यांनीं नागपूर पसंत केलें. हें तर जमिनींत सोनें पुरणें होय, असें समजून येथील एका सावकारानें भांडवल नाकारिलें. तरीहि १ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली.

खरी कसोटी पुढेंच होती. स्वस्तांत घेतलेलीं यंत्रें निकृष्ट निघालीं. तीं बदलावीं लागलीं. मजूर वारंवार गैरहजर राहत. तेव्हां जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनीं बक्षिसें व सोयी देऊन त्यांचीं मनें कामांत गुंतविलीं. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि स्थापिला. १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊं लागले.

१९ मे १९०४ रोजीं जर्मनींत त्यांचें देहावसान झालें. ती गिरणीहि आतां उरली नाहीं. तथापि, संस्था काढण्यास धैर्य पुरतें, पण ती टिकविण्यास माणसें सांभाळावीं लागतात, हा त्यांच्या चरित्राचा बोध कोणतेंहि कार्य हातीं घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावा.