पेटीच्या झाकणातले बालगंधर्व
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात पारंपरिक वेशभूषेच्या दिवशी मी नऊवारी नेसून आले होते. वसतिगृहातल्या मैत्रिणींना माझ्या निऱ्या आवडल्या, काष्टा आवडला. दोघीतिघींनी तर माझ्याकडूनच नेसवून घेतले. कोणी शिकवले असे त्यांनी विचारले, तेव्हा मी आईचे नाव सांगून मोकळी झाले. ते खोटे होते. माझ्या आईला नऊवारी नेसता येत नाही. तिचा सारा जन्म पाचवारीत गेला. मला नऊवारी नेसायला शिकवले ते बाबांनी.

बाबा दिवसा काजूच्या बागेत मजुरी करतात आणि जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्री दशावतारात काम करतात. आमच्या सिंधुदुर्गात त्याला धयकालो असेही म्हणतात. त्यात बाईची भूमिका अजूनही बहुतेक पुरुषच करतो. बाबा स्त्रीपार्टी आहेत. कधी द्रौपदी, कधी तारामती, कधी कुठल्या तरी राजाची टाकलेली राणी. लहानपणी मला त्याचा अभिमान होता. पुढे हायस्कुलात मुले मागून काय काय बोलू लागली आणि तो अभिमान हळूहळू कुठे गेला ते मलाच कळले नाही. मी जत्रेला जाणेच सोडून दिले.

बाबांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दोन लुगडी, खोट्या मोत्यांची नथ, बांगड्या, सफेद्याची डबी, एक टोप आणि एक गंगावन. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठल्याशा जुन्या दिनदर्शिकेतून कापलेले बालगंधर्वांचे चित्र चिकटवलेले आहे. बाबा सातवी शिकलेले. बालगंधर्वांबद्दल त्यांना फारशी माहिती नाही. पण रंगायला बसण्याआधी ते त्या चित्राला हात लावून मग तो हात कपाळाला लावतात. यंदा वार्षिकासाठी चरित्रलेख लिहायचे ठरले तेव्हा मला दुसरे नावच सुचले नाही. ग्रंथालयातून पुस्तके आणून दिवाळीच्या सुट्टीत वाचली. त्यांतून जे हाती लागले ते इथे मांडते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची स्थिती बेताची, पण गळा जन्मजात. पोरवयात पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि ते नाव असे चिकटले की खरे नाव पुढे फक्त कागदोपत्री उरले. त्या वेळी मराठी रंगभूमीला अशा मुलाची नड होती. कुलीन घरच्या बायकांनी रंगमंचावर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला खेळ केला तेव्हापासून बायकांची कामे पुरुषच करीत आले होते. त्यासाठी कोवळ्या वयाची, नाजूक चेहऱ्याची, गोड गळ्याची मुले नाटक मंडळ्या शोधीत फिरत. केस वाढवायचे, नाही पुरले तर गंगावन लावायचे नाहीतर टोप चढवायचा. चालणे, बसणे, पदर सावरणे हे सगळे तालमीत शिकायचे. आवाज फुटला किंवा मिसरूड दाट झाले की बहुतेकांची सद्दी संपे.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि मंडळीची नायिकाच गेली. ती जागा नारायणरावांनी भरून काढली. मध्ये अडचण होती ती कानाची. त्यांना नीट ऐकू येत नसे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेच्या डॉक्टर वानलेस यांच्याकडून उपचार करविले आणि १९०५ साली मिरजेतच ‘शाकुंतल’मध्ये सतरा वर्षांची शकुंतला रंगमंचावर आली. पुढे सुभद्रा, शारदा, वसंतसेना अशा भूमिका त्यांच्याकडे आल्या. भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली आणि गाण्याला पक्की बैठक आली.

मला मात्र या चरित्रात गाण्यापेक्षा लुगड्यानेच जास्त थांबवले. गाण्याचे जाणकार आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? लुगड्यातले मला थोडे कळते. बालगंधर्वांच्या आधीही स्त्रीपार्टी होते, त्यांच्या वेळीही होते. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, विष्णुपंत पागनीस या सगळ्यांनी बायकांची कामे केली. पण घरातल्या बायकांनी नाटकातल्या बाईचे अनुकरण करावे हे बालगंधर्वांच्या बाबतीत जेवढे घडले तेवढे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडले नाही. त्यांनी नेसलेली लुगडी, पदर घेण्याची रीत, आंबाड्यावरची फुले, नथ, हे सगळे पाहून बायका तसे करू लागल्या. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत काय शोभते आणि काय शोभत नाही हे पुष्कळ अंशी गंधर्वांच्या नाटकावरून ठरू लागले. पुरुषही मागे नव्हते. गंधर्व टोपी निघाली ती खपली.

हळदीकुंकवाला बायकांत जाऊन बसले आणि कोणी ओळखले नाही, अशी एक गोष्ट गाजलेल्या प्रत्येक स्त्रीपार्टीबद्दल सांगतात. आमच्या गावात ती बाबांबद्दलही सांगतात, आणि बाबा तसे कधी कुठे जाऊन बसलेले नाहीत. मला त्या गोष्टीत गोडी वाटत नाही. फसवणूक करता येणे यात मोठेपणा तो कसला? नाटकगृहात बसलेल्या प्रत्येक बाईला पक्के ठाऊक होते की समोरची भामिनी हा एक लग्न झालेला पुरुष आहे. ठाऊक असून त्या घरी जाऊन आरशापुढे तसाच पदर घेऊन पाहत होत्या. मला नवल वाटते ते याचे.

आणि थोडा रागही येतो. बाईने रंगमंचावर जायचे नाही, पण बाईने कसे दिसावे हे रंगमंचावरच्या पुरुषाकडून शिकायचे, असा तो काळ. यात बालगंधर्वांचा दोष नाही. पण त्यांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी या गोष्टीचे नुसते कौतुकच केले आहे, म्हणून हे लिहिले.

‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. तरी प्रयोग रद्द झाला नाही. भामिनी सजून उभी राहिली, गायली, आणि प्रयोग गाजला. कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ही हकिगत आपण शाळेपासून ऐकतो. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. आता वाचताना मन भामिनीपाशी थांबले नाही. ते त्या रात्री घरी असलेल्या लक्ष्मीबाईंकडे गेले. पुस्तकांत त्या फारशा येतच नाहीत. नवरा साऱ्या महाराष्ट्राला बाईपण शिकवतो आहे आणि त्याच्या घरातली बाई मात्र दोन-चार ओळींत संपते.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. नंतरची आठ-दहा वर्षे म्हणजे मध्यान्ह. १९१६ साली ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आली. तिच्या चाली बखलेबुवांच्या. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, पुढे अहमदजान थिरकवांचा तबला; म्हणजे ज्यांच्यासाठी वेगळी मैफल भरावी अशी माणसे नाटकाच्या साथीला बसत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. पडदे, गालिचे, शालू, अत्तरे यांत कुठेही हात आखडता नाही. प्रेक्षक मायबाप आहेत, त्यांना खोटे काही दाखवायचे नाही, हा हट्ट. हट्ट राजेशाही होता आणि हिशेब मात्र कोणीच नीट ठेवीत नव्हते. १९२० साली ‘द्रौपदी’वर अफाट खर्च झाला आणि मंडळी कर्जात रुतली. ते कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. घरात रोजचा हिशेब आईच्या बोटांवर चालतो अशा मुलीला हा भाग वाचताना धाप लागते.

परंतु शालूंच्या या राजाने सिंधूही केली. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, बडोद्यात त्यांचा ‘एकच प्याला’ रंगमंचावर आला. दारुड्या नवऱ्याची बायको, मोलाने दळण दळणारी, अंगावर साधे लुगडे. ना नथ, ना गजरा. सजण्यासाठी ज्याला डोक्यावर घेतले त्या नटाला लोकांनी या उघड्या गळ्याच्या बाईतही तितकेच मानले. स्त्रीवेश म्हणजे दागिने नव्हेत, हे सिंधूवरून कळते. बाबांच्या टाकलेल्या राणीवर बायका का रडतात ते मला हे वाचल्यावर थोडे समजले. बाबांकडे शालू नाहीच. एका लुगड्याला तर मीच ठिगळ लावलेले आहे.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रात्रीपुरत्या एक झाल्या. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले, त्यामुळे त्या रात्रीच्या आठवणीला वेगळीच हळहळ लागून राहिली.

मग काळ पालटला. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले आणि त्यात बायकांची कामे बायकांनीच केली. बोलपट तर गावोगाव गेला. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत, शरीर सुटलेले. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये शांतारामबापूंनी त्यांना संत एकनाथ केले, पुरुषवेशात. पण त्यांचे मन तिथे रमले नाही. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा लुगड्यात दिसले. कॅमेरा फार जवळ येतो. नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेत बसलेला माणूस जे आपल्या मनाने भरून काढतो ते कॅमेरा भरू देत नाही. रंगमंचावर मात्र ते पुढेही बाईची कामे करीत राहिले. थांबायला हवे होते असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला तसे म्हणवत नाही. सतराव्या वर्षापासून जो माणूस संध्याकाळ झाली की बाई होत आला, त्याने कोणत्या तारखेला थांबायचे?

त्यांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या आणि नायिका त्या करू लागल्या. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केले. गोहरबाई मुसलमान. पुरुषाने पदर घेतला, नथ घातली, हे ज्यांनी डोक्यावर घेऊन मिरवले त्यांनाच हे लग्न सोसवले नाही. जुनी माणसे दुरावली, टीका झाली. लोक कशाला हसतात आणि कशाला हार घालतात याचा मला या चरित्रात शेवटपर्यंत मेळ लागला नाही.

अखेरच्या वर्षांत पाय गेले होते. भजने गात. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १९६४ सालीच गोहरबाई गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली होती. ते उघडले १९६८ च्या २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी. ते पाहायला ते नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. आजच्या पिढीला ते बहुधा २०११ च्या चित्रपटामुळे ठाऊक आहेत. त्यात सुबोध भावे यांना सजवणाऱ्या विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट मी बाबांना फोनवर दाखवला. बाबा दोन तास मान वर न करता पाहत होते.

हा लेख लिहून झाल्यावर दिवाळीत बाबांना वाचून दाखवला. पडवीत बसून ते जत्रांसाठी टोप विंचरत होते. टोपाची कपाळावरची कड कशी झाकायची, गजरा किती खाली घ्यायचा, यातच त्यांचे लक्ष होते असे मला वाटले. पण मध्येच उठून त्यांनी पेटी उघडली, मला झाकणापाशी बोलावले आणि चित्रातल्या पदराकडे बोट दाखवले. त्या पदराला पिन नाही, तो हाताने धरला आहे, म्हणून तो हात नेहमी छातीपाशी असतो आणि म्हणूनच ती बाई दिसते, असे त्यांचे म्हणणे पडले. मी इतक्या वर्षांत ते पाहिले नव्हते. मग त्यांनी मला आईचे लुगडे आणायला सांगितले आणि पिन न लावता पदर कसा सांभाळायचा ते दाखवले. तीनदा सुटला, चौथ्यांदा जमला.

यंदाही पारंपरिक वेशभूषेचा दिवस आहे. मैत्रिणींनी आतापासूनच नेसवून देण्यासाठी नंबर लावले आहेत. कोणी शिकवले ते त्यांना आता हा लेख वाचून कळेलच.