कॅरन कार्पेंटर : मृदू आवाजाला मानाचं पान कधी?



आजचा चरित्रपाठ एका अमेरिकन गायिकेचा आहे. तिचं नाव कॅरन कार्पेंटर. तिला जाऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिची गाणी आजही जगभर ऐकली जातात. पण अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या दालनात कॅरन आणि तिचा भाऊ रिचर्ड यांच्या ‘कार्पेंटर्स’ या जोडीला स्थान मिळालेलं नाही. असं का झालं असावं? आणि ते स्थान त्यांना मिळायला हवं का? तिच्या जीवनाची ओळख करून घेताना आपण याचाही विचार करूया.

बालपण

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन या शहरात झाला. रिचर्ड तिच्यापेक्षा साडेतीन वर्षांनी मोठा. लहानपणापासून घरात हुशार म्हणून नाव होतं ते रिचर्डचं. तो पियानो उत्तम वाजवायचा. त्याला संगीतात पुढे जाता यावं हा एक मोठा विचार मनात ठेवून १९६३ साली हे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील डाउनी या गावी राहायला गेलं. कॅरनला त्या वेळी मैदानी खेळाची आवड होती. ती पुढे गायिका होईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हायस्कूलमध्ये गेल्यावर तिला व्यायामाचा तास नकोसा वाटू लागला. त्यातून सुटका म्हणून ती शाळेच्या बँडपथकात शिरली. तिथे तिच्या हाती ग्लॉकनश्पील आलं. धातूच्या पट्ट्यांवर छोट्या काठीने ठोकून वाजवायचं हे वाद्य. पण तिचं सगळं लक्ष शेजारच्या ड्रमवाल्या मुलांकडे! मुलींनी ड्रम वाजवायची तेव्हा पद्धत नव्हती. तरी तिने हट्ट धरला, शिकली आणि थोड्याच दिवसांत तयार झाली. आईवडिलांनी तिला ड्रमचा संच घेऊन दिला. व्यायामाचा तास चुकवणारी ही मुलगी ड्रमसाठी मात्र तासन्‌तास घाम गाळायची. मुलाचं मन कशात रमतं हे कळायला कधीकधी असा आडवळणाचा रस्ताच उपयोगी पडतो, नाही का?

गुरू आणि सुरुवातीची धडपड

१९६६ साली रिचर्ड, कॅरन आणि त्यांचा एक मित्र अशा तिघांनी लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या रंगमंचावरची बँडस्पर्धा जिंकली. कॅरन तेव्हा सोळा वर्षांची होती. एका मोठ्या कंपनीने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली, पण बाजारात काही आणली नाहीत.

याच काळात तिला फ्रँक पूलर हे गुरू लाभले. लाँग बीचच्या महाविद्यालयात ते समूहगायन शिकवत. त्यांनी तिच्या गळ्याला शिस्त लावली. कॅरनचा आवाज मुलींच्या मानाने बराच खालच्या पट्टीतला होता. रिचर्डने पुढे गाण्यांची रचना करताना याच खर्जाचा उपयोग करून घेतला. इतर गायिका जिथे वर चढून दाद मिळवत, तिथे कॅरन खाली उतरून ऐकणाऱ्याच्या अगदी कानाशी बोलल्यासारखी गायची.

यशाची वर्षं

एप्रिल १९६९ मध्ये संगीतकार हर्ब अल्पर्ट यांच्या ‘ए अँड एम’ कंपनीने या बहीणभावाशी करार केला. पहिला संग्रह फारसा चालला नाही. पण १९७० साली आलेलं ‘क्लोज टू यू’ हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यानंतरचं ‘वुई हॅव ओन्ली जस्ट बिगन’ मुळात एका बँकेच्या जाहिरातीसाठी रचलेलं होतं. रिचर्डने ते टीव्हीवर ऐकलं आणि त्याचं पूर्ण गाणं केलं. पुढे कित्येक अमेरिकन लग्नांत ते वाजू लागलं. १९७१ साली या जोडीला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. १९७५ च्या सुरुवातीपर्यंत त्यांची तीन गाणी पहिल्या आणि पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ‘सुपरस्टार’ या गाण्याचे शब्द रिचर्डने कागदी रुमालावर खरडून दिले होते. कॅरनने ते बघत फक्त अंदाज यावा म्हणून एकदा गायलं, आणि तेच पहिलं गाणं शेवटी रेकॉर्डवर कायम ठेवलं गेलं. ऐकायला सोपं वाटणाऱ्या गाण्यामागे केवढी तयारी असते ते यातून कळतं.

या यशाची एक किंमतही होती. प्रेक्षकांना गायिका समोर दिसायला हवी, आणि कॅरन तर ड्रमच्या मागे झाकली जायची. म्हणून तिला हळूहळू पुढे, माइकसमोर उभं केलं गेलं आणि कार्यक्रमात ड्रमवर दुसरा वादक आला. आपलं आवडतं वाद्य सोडून सगळ्यांच्या नजरेसमोर उभं राहणं तिला जड गेलं. तरीही १९७५ साली एका अमेरिकन मासिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम ड्रमवादकाचा कौल दिला. मागे पडले ते रॉकमधले नावाजलेले वादक!

मग दुर्लक्ष का?

त्या काळाचा विचार करा. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, तरुण पिढी चिडलेली होती. रॉक संगीत म्हणजे बंड, मोठा आवाज, कर्कश गिटार असं समीकरण झालेलं. अशा वेळी नीटनेटके कपडे घालून शांतपणे गाणारी ही भावंडं समीक्षकांना फार गोड, फार गुळगुळीत वाटली. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये त्यांचं गाणं झालं आणि हा शिक्का अधिकच पक्का बसला.

त्यांनी नवे प्रयोग केले नाहीत असं मात्र नाही. १९७२ च्या ‘गुडबाय टू लव्ह’ या संथ गाण्यात त्यांनी टोनी पेलुसोची खरखरीत इलेक्ट्रिक गिटार घातली, तेव्हा त्यांचेच काही चाहते रागावले. पण संथ गाणं आणि तापलेली गिटार हा मेळ पुढे रॉकमध्ये रूढ झाला. १९९४ साली ‘सॉनिक यूथ’सारख्या धारदार बँडसह अनेक कलाकारांनी कार्पेंटर्सची गाणी आपल्या पद्धतीने गाऊन एक अख्खा संग्रह काढला. प्रभाव म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

आजार आणि अखेर

आता जरा जड मनाने पुढचा भाग. कॅरनला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार जडला. यात वजन वाढण्याची भीती मनात घर करते आणि माणूस खाणं टाळत जातो. १९७५ मध्ये तिच्या तब्येतीमुळे परदेश दौरा रद्द करावा लागला. तेव्हा या आजाराची माहिती फार थोड्यांना होती. १९७९-८० मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये एकटीचा संग्रह मोठ्या उमेदीने तयार केला, पण तो बाजूला ठेवला गेला आणि थेट १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये झालेलं लग्नही टिकलं नाही. १९८२ मध्ये तिने उपचार घेतले, पण आजाराने हृदय कमजोर करून टाकलं होतं. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी डाउनीतल्या आईवडिलांच्या घरी ती कोसळली आणि गेली. वय अवघं ३२. तिच्या जाण्यानंतरच या आजाराविषयी जगभर उघडपणे बोललं जाऊ लागलं.

पालकहो, आपल्या घरातही ‘जाडी’, ‘बारीक’ असे शब्द आपण सहज वापरतो. मूल जेवण टाळू लागलं, ताटावरून उठायची कारणं शोधू लागलं, तर ते नखरे समजू नका. त्याच्याशी बोला, डॉक्टरांना दाखवा.

मान मिळायला हवा का?

योगायोग असा, की कॅरन गेली त्याच १९८३ साली हॉल ऑफ फेमची संस्था स्थापन झाली. पहिलं रेकॉर्ड येऊन २५ वर्षं झाली की कलाकाराचा विचार होऊ शकतो. म्हणजे १९९० च्या दशकापासूनच कार्पेंटर्स पात्र आहेत. काहीजण म्हणतील, ते दालन रॉकचं आहे आणि हे संगीत रॉक नव्हेच. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तिथे २००० साली जेम्स टेलर आणि २०१० साली ‘अ‍ॅबा’ यांना घेतलं गेलं. त्यांच्यासाठी दार उघडतं, तर कॅरनसाठी का नाही?

माझं मत विचाराल तर मान मिळायलाच हवा. मात्र तो तिच्या दुःखद मृत्यूची दया म्हणून नको. तिचा गळा, तिचा ड्रम आणि तिच्या गाण्याचा पुढच्यांवर पडलेला ठसा, यासाठी हवा. ‘क्लोज टू यू’ आणि ‘वुई हॅव ओन्ली जस्ट बिगन’ या दोन्ही गाण्यांना ग्रॅमीच्या वेगळ्या हॉल ऑफ फेममध्ये केव्हाच जागा मिळाली आहे.

शिक्षक मित्रांनो, वर्गातही जोरात हात वर करणारं मूल आपल्याला आधी दिसतं. तिसऱ्या बाकावरचं, हळू आवाजात अचूक उत्तर देणारं मूल वर्षअखेरीस बक्षिसाच्या यादीत नसतं. त्याला काही येत नाही म्हणून नव्हे, आपण वाकून ऐकलं नाही म्हणून. यंदाची यादी करताना त्या बाकापाशी एकदा थांबा.