सर्गेई विनोग्राडस्की

समुद्रातून आणलेला नवा मासा मत्स्यालयातील जुन्या माशांत एकदम सोडीत नाहीत. त्याच्यापासून रोग पसरू नये म्हणून काही आठवडे त्यास खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या टाक्यात ठेवतात. परंतु हे टाके कालच भरलेले असेल, तर पाणी नितळ असूनही मासा त्यात तडफडू लागतो. त्याच्याच देहातून निघणारा अमोनिया त्यास विषासारखा बाधतो. हे विष निवारणारे जीव ज्यांनी शोधून काढले, त्या सर्गेई विनोग्राडस्की यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहो.

त्यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे झाला. पियानो शिकण्यास ते सेंट पीटर्सबर्गला गेले खरे, पण तेथे मन न रमल्याने निसर्गशास्त्राकडे वळले. पुढे स्ट्रासबर्ग येथे द बारी यांच्या प्रयोगशाळेत, काही जंतू गंधकावर जगतात असे त्यांनी दाखविले. १८८८ साली ते झुरिचला आले.

वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होते आणि ते जंतूंमुळे होते, हे फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्युंट्झ यांनी १८७७ सालीच सिद्ध केले होते. पण ते जंतू कोणाच्या हाती लागत नव्हते. इंग्लंडात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तीही फळास आली नाही. (योगायोग असा की, मासे व पाणवनस्पती एकत्र ठेवून पाणी निर्मळ राखण्याचा प्रयोग १८५० च्या सुमारास लंडनमध्ये करणारे गृहस्थ याच वॉरिंग्टन यांचे वडील!) सारे संशोधक जंतूंना पौष्टिक रस्सा व जिलेटिन देत. विनोग्राडस्की यांनी उलट केले. सेंद्रिय अन्न मुळीच न देता केवळ क्षार व अमोनिया दिला, आणि जिलेटिनऐवजी सिलिकाचा गोळा वापरला. इतर जंतू उपाशी राहिले. हवे होते ते वाढले. त्यांत दोन जाती निघाल्या: एक अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र मासे पुष्कळ सोसतात.

हे जंतू फार सावकाश वाढतात आणि पृष्ठभागास चिकटून राहतात. नव्या टाक्यात त्यांचा जम बसण्यास चार-सहा आठवडे लागतात. म्हणून जाणते लोक निरोगी टाक्यातील गाळणीत स्पंज आधीच ठेवून देतात व तो मुरला की वेगळ्या टाक्यात आणून त्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. तेथे औषध घालताना जपावे लागते, कारण काही औषधे या जंतूंनाही मारतात. खाऱ्या पाण्यात हे काम करणारे आणखी निराळे सूक्ष्मजीवही आहेत. त्यांपैकी एकाचा शोध २००५ साली अमेरिकेतील सिॲटलच्या मत्स्यालयातील टाक्यातच लागला.

पाश्चर यांचे बोलावणे असूनही १८९१ साली विनोग्राडस्की सेंट पीटर्सबर्गला परतले. १९०५ नंतर त्यांनी प्रयोगशाळा सोडली व ते आपल्या जमिनीवर राहू लागले. क्रांतीत ती गेली आणि देशही सुटला. १९२२ साली, सहासष्टाव्या वर्षी, पाश्चर संस्थेने त्यांना पॅरिसजवळ ब्री-कोंत-रोबेर येथे जागा दिली. तेथे त्यांनी मातीतील जंतूंचा अभ्यास पुन्हा आरंभिला. त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ साली निघाला, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते. १९५३ साली तेथेच त्यांचे निधन झाले.