एका मताचं मोल
माझ्या एका मतानं काय फरक पडतो, म्हणून मी एकदा नगरपालिकेच्या मतदानाला गेलेच नाही. नंतर सरदार पटेलांचं चरित्र वाचलं आणि ओशाळले.

वल्लभभाईंचा जन्म १८७५चा, नडियादचा. १९०९ मध्ये पत्नी झवेरबा गेल्या. पदरात दोन लेकरं, तरी दुसरं लग्न केलं नाही. पुढे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. १९१७ मध्ये अहमदाबाद पालिकेसाठी दरियापूर वॉर्डातून उभे राहिले आणि अवघ्या एका मतानं निवडून आले! त्याच वर्षी शहरात प्लेग आला, तरी ते गल्लीबोळांत फिरून सफाई करून घेत होते. १९२४ ते १९२८ पालिकेचे अध्यक्ष, १९४७ मध्ये देशाचे गृहमंत्री. १९५० मध्ये ते गेले.

दरियापूरचा तो एक मतदार घरीच बसला असता तर? आता मतदानाच्या दिवशी मी आधी मत देऊन येते, मग कुकर लावते.