फ्रीडरिश मीशर

योहानेस फ्रीडरिश मीशर (जन्म: बासेल, १३ ऑगस्ट १८४४; मृत्यू: दावोस, २६ ऑगस्ट १८९५) हे स्विस वैद्य व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पेशीच्या केंद्रकातून डीएनए प्रथम वेगळे करणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. त्यांनीच शोधलेले प्रोटामिन हे प्रथिन मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले. डीएनए आणि त्याला बांधून ठेवणारी प्रथिने मिळून क्रोमॅटिन बनते. शुक्रपेशीतील क्रोमॅटिनचे हे दोन्ही घटक मीशर यांच्याच हाती लागले होते.

जीवन व संशोधन

मीशर यांचे वडील वैद्यकाचे प्राध्यापक, तर मामा विल्हेल्म हिस हे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ होते. आजारपणामुळे मीशर यांना कमी ऐकू येत असे. रुग्ण तपासण्यात त्याची अडचण होईल म्हणून पदवीनंतर ते संशोधनाकडे वळले आणि १८६८ मध्ये ट्यूबिंगन येथे फेलिक्स होप-झायलर यांच्याकडे दाखल झाले. तेथील किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात त्यांची प्रयोगशाळा होती. जवळच्या रुग्णालयातून येणाऱ्या पट्ट्यांवरचा पू धुऊन ते त्यातील पांढऱ्या पेशी मिळवत. डुकराच्या जठरातील पेप्सिनने प्रथिने पचवून टाकल्यावर केंद्रकातील जो पदार्थ शिल्लक राहिला त्यात फॉस्फरस भरपूर होता. ज्ञात प्रथिनांत तो कोठेच बसेना. १८६९ मध्ये मीशर यांनी त्याला न्यूक्लिईन असे नाव दिले. होप-झायलर यांनी सर्व प्रयोग स्वतः करून पाहिल्यानंतरच, १८७१ मध्ये, हा निबंध छापला.

बासेलला परतल्यावर त्यांना ऱ्हाइन नदीतून अंडी घालण्यासाठी वर येणारे साल्मन मासे उपयोगी पडले. माशांच्या शुक्रपेशीत केंद्रकाखेरीज फारसे काही नसते. पदार्थ विघटित होऊ नये म्हणून ते कडाक्याच्या थंडीत, खोली गार ठेवून काम करत. १८७४ मध्ये त्यांनी दाखवले की, शुक्रपेशीत आम्लधर्मी न्यूक्लिईन एका अल्कधर्मी पदार्थाशी क्षाराप्रमाणे जोडलेले असते. हाच पदार्थ प्रोटामिन होय. फलनाचे एकच रासायनिक कारण असेल तर ते न्यूक्लिईन असावे, हा विचार त्यांच्या मनात आला होता; पण त्यांनी तो सोडून दिला. पुढे अध्यापन, संस्थेचा कारभार आणि कैद्यांच्या आहारासंबंधीचे अहवाल यांत त्यांचा वेळ गेला. क्षयाने वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन व पत्रे मामा हिस यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली.

प्रोटामिनचे महत्त्व

साल्मनच्या प्रोटामिनमधील सुमारे दोन तृतीयांश अमिनो आम्ले आर्जिनिन असतात, हे पुढच्या काळात स्पष्ट झाले. त्यांवर धन प्रभार असतो. प्रथिनाचे कार्य त्याच्या ठरावीक घडीवर अवलंबून असते, असे दीर्घकाळ मानले जाई. प्रोटामिनला द्रावणात अशी घडीच नसते. डीएनएच्या ऋण प्रभारित फॉस्फेट गटांशी गाठ पडताच ते त्याला बिलगते, त्याचा प्रभार शमवते आणि त्यामुळे लांबलचक रेणू शुक्रपेशीच्या चिमुकल्या डोक्यात दाटून बसतो. अशा अंगभूत विस्कळीत प्रथिनांचा स्वतंत्र वर्ग म्हणून अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. इतर पेशींत डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनांची टोकेही अशीच विस्कळीत असतात.

हृदयशस्त्रक्रियेनंतर हेपारिन या ऋण प्रभारित औषधाचा परिणाम थांबवण्यासाठी प्रोटामिन याच गुणामुळे वापरतात. मधुमेही रुग्णांच्या परिचयाच्या, दुधाळ दिसणाऱ्या एनपीएच इन्सुलिनमध्येही ते असते. बासेल येथे १९७० मध्ये मीशर यांच्या नावाने जीववैद्यकीय संशोधन संस्था स्थापन झाली.