टोल नाक्यावर सापडलेला क्लास

सी मधून सी प्लस प्लसकडे वळलो की क्लास, इनहेरिटन्स बघून आपली झोप उडते. या सगळ्याची सुरुवात करणारे क्रिस्टन निगार्ड १९२६ साली ऑस्लोत जन्मले. लष्करी संशोधन संस्थेत आकडेमोड करत ते सिम्युलेशनकडे वळले. पुढे नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल यांच्यासोबत त्यांनी अल्गोल ६० या प्रोसिजरल भाषेवरच सिम्युला उभारली. टोल नाक्याच्या रांगेत ट्रक असो वा बस, दोन्ही वाहनंच. मग सामाईक गोष्टी दोनदा कशाला लिहायच्या? त्यातून सिम्युला ६७ मध्ये इनहेरिटन्स आला. नंतर निगार्ड कामगार संघटनांसाठीही झटले. दोघांना २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं आणि २००२ मध्ये दोघंही गेले. तेव्हा व्याख्या पाठ करत बसू नका, आधी आपला टोल नाका शोधा!