कुरणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

फाल्गुन-चैत्रात पनवेलच्या डोंगरउतारांवर पळस-पांगारा फुलतो, तेव्हा येथील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर असतात आणि शाळांच्या हजेरीपटात त्यांच्या मुलांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. अशा वेळी आम्हांस ताराबाई मोडक यांचे स्मरण होते.

जन्म मुंबईत, १९ एप्रिल १८९२ रोजी. राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु त्यांच्या विचारांचा खरा कस लागला तो १९४५ नंतर, बोर्डीस. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात भरू लागली. पुढे कोसबाडला वारली मुले गुरांमागे जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला सारून बिया, शिंपले, पानेफुले हाती आली. वसंतातल्या रानात त्यांना तोटा कसला! पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणणाऱ्या विकासवाडीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला कडेवर घेऊनच शिकावयास येऊ शकली.

मूल शाळेत येत नाही, याचा दोष आपल्या समाजातील आईबापांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. ताराबाईंनी तो शाळेकडे वळविला, हेच आम्हांस पद्मभूषणाहून मोठे वाटते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबाडचे कार्य त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे चालविले.